नाणे, घड्याळ आणि बॅटरी : मध्यम प्रतीच्या अवकाशखेळाचा इतिहास आणि बीड जिल्हा

सारांश

संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा श्रेष्ठ व क्रांतिकारक खेळांच्या आधारे मांडला जातो. प्रत्यक्षात बहुसंख्य लोकांच्या वाट्याला आले ते साधारण, जुने आणि नक्कल होऊन पोहोचलेले खेळ. प्रस्तुत शोधनिबंधात 'गॅलॅक्सियन' (१९७९) या अवकाशखेळाच्या घरगुती आवृत्तीचा आणि पुढे मोबाईलवर आलेल्या 'स्पेस इम्पॅक्ट' (२०००) या खेळाचा बीड जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे. एकाच प्रकारच्या खेळाचे मोल प्रथम नाण्यात, नंतर घड्याळात आणि शेवटी बॅटरीत मोजले गेले. मोजमापाच्या या बदलाबरोबर खेळाचा अर्थही बदलला, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, अवकाशखेळ, कॅसेट, भारनियमन, करमणूक शुल्क, फावला वेळ, बीड जिल्हा

प्रस्तावना

मानवी जीवनात खेळाला महत्त्वाचे स्थान आहे. समाज कोणते खेळ खेळतो यावरून त्या समाजाच्या श्रमाची, विश्रांतीची आणि साधनसंपत्तीची कल्पना येते. भीर जिल्ह्याचे गॅझेटियर १९६९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा विद्युत पडद्यावर खेळावयाचा खेळ जिल्ह्यातच काय, जगाच्या बाजारातही आलेला नव्हता. त्यानंतरच्या काही दशकांत अशा खेळांच्या दोन पिढ्या जिल्ह्यात आल्या आणि गेल्याही. पहिली पिढी दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या 'टीव्ही गेम'ची, तर दुसरी साध्या मोबाईल संचाची होती. या दोन्ही पिढ्यांनी मागे फारसा कागद ठेवलेला नाही. कॅसेटी भंगारात गेल्या, दुकानांच्या जागी मोबाईल दुरुस्तीची दुकाने आली आणि जुने संच कपाटाच्या तळाशी पडले.

ज्या गोष्टीला मोल नाही असे मानले जाते, तिची नोंद होत नाही. आणि नोंद नसली की तिला मोल नव्हते असे पुढील पिढी गृहीत धरते. मुलांच्या फावल्या वेळाबाबत हे विशेषत्वाने घडते. 'वेळ वाया घालविणे' या शब्दांत पालक व शिक्षक यांनी या खेळांची बोळवण केली. परंतु वाया गेला असे म्हटला जाणारा हा वेळ कोणाजवळ होता, किती होता आणि तो कशाने तोडला जात होता, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अवकाशखेळाच्या रचनेमागील आर्थिक हिशेब समजून घेणे.
२) हा खेळ बीडसारख्या जिल्ह्यात पोहोचताना त्यात कोणते बदल झाले याचा शोध घेणे.
३) वीजपुरवठा, स्थलांतर व कायदा यांचा या करमणुकीवर झालेला परिणाम तपासणे.
४) या खेळापासून कोण दूर राहिले याचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून खेळाची यांत्रिक रचना हेच एक प्राथमिक साधन मानले आहे. वस्तू स्वतः बोलत नाही. परंतु तिची घडण तिच्या काळाविषयी साक्ष देते.

१. नाण्याचे गणित

पडद्यावरील अवकाशयुद्धाची सुरुवात १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाली. स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. तो प्रयोगशाळेतील खेळ होता. त्याला व्यापारी यश मिळवून देणारे रूप १९७८ साली जपानमध्ये आले. तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो या कंपनीसाठी तयार केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये परग्रहवासीयांच्या रांगा वरून खाली सरकत येत आणि खेळाडू तळाशी डावी-उजवीकडे हलत त्यांच्यावर मारा करी. शत्रू जसजसे कमी होत तसतसा उरलेल्यांचा वेग वाढे. कमी आकृत्या काढावयाच्या असल्याने यंत्राचे काम लवकर उरकत असे, त्यातून हा परिणाम साधला. यंत्राच्या मर्यादेतून उत्कंठा निर्माण झाली आणि पुढील अनेक अवकाशखेळांनी तीच रीत उचलली.

दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, नाम्को या कंपनीने 'गॅलॅक्सियन' आणला. 'स्पेस इन्व्हेडर्स'चा मूळ पडदा कृष्णधवल होता आणि त्यावर रंगीत पट्ट्या लावून रंगाचा भास निर्माण केला जाई. 'गॅलॅक्सियन'ने शत्रूंना खरे रंग दिले. मूळ यंत्रात एका फळीत ४६ शत्रू असतात. खालच्या तीन रांगांतील शत्रूंचे ३०, त्यावरील जांभळ्यांचे ४०, तांबड्यांचे ५० आणि सर्वांत वरच्या दोन नायकांचे ६० गुण ठरलेले आहेत. रांग सोडून झेपावणाऱ्या शत्रूस टिपल्यास अधिक गुण मिळतात. नायकासोबत निघालेल्या दोन्ही रक्षकांना आधी पाडून मग नायकाला टिपले तर एकदम ८०० गुण पदरात पडतात.

या खेळातील एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. खेळाडूच्या यानातून एका वेळी एकच गोळी सुटते. ती शत्रूला लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी गोळी मिळत नाही. म्हणजे नेम चुकल्याची शिक्षा प्रतीक्षा ही होती आणि त्या क्षणभराच्या प्रतीक्षेतच शत्रू अंगावर येई.

ही सर्व रचना नाण्यासाठी होती. खेळगृहातील यंत्रात नाणे टाकले की खेळाडूला मोजकी याने मिळत. नवशिक्याचा खेळ थोडक्यात संपावा, यंत्र रिकामे व्हावे आणि दुसरे नाणे पडावे, हा मालकाचा हिशेब होता. मात्र खेळाडू जितका कुशल तितका त्याच नाण्यात तो अधिक काळ टिके. कौशल्याचे बक्षीस वेळ हेच होते. नाण्याच्या खेळाचा हा मूलभूत करार म्हणता येईल.

२. पडद्याची वाटचाल : उपग्रह ते कॅसेट

१९८३ हे वर्ष या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १५ जुलै १९८३ रोजी निन्तेन्दो या जपानी कंपनीने 'फॅमिकॉम' हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले आणि ३० ऑगस्ट १९८३ रोजी भारताचा इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु मराठवाड्यातील घरात त्या पुढे एकत्र आल्या. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले होते. इन्सॅट-१ बी मुळे दूरदर्शनचा विस्तार जिल्ह्याजिल्ह्यांत शक्य झाला. अंबाजोगाई येथील प्रक्षेपण केंद्राने या भागातील घराघरांत दूरदर्शन पोहोचविले. १९८७ साली सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेने दूरचित्रवाणी संच ही प्रतिष्ठेची व श्रद्धेचीही वस्तू बनविली. अवकाशातील उपग्रहामुळे ज्या पडद्यावर चित्र आले, त्याच पडद्यावर काही वर्षांनी मुले अवकाशातील शत्रूंशी लढू लागली.

अवकाशाची कल्पना मराठी वाचकाला नवी नव्हती. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. डॉ. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह १९७९ साली, म्हणजे 'गॅलॅक्सियन'च्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हा ही कल्पना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. मात्र मराठी विज्ञानकथेतील अवकाश विचार करावयास लावणारे होते. पडद्यावरील अवकाशात विचारास सवड नव्हती आणि मराठीचे एक अक्षरही नव्हते. 'स्टार्ट', 'स्कोअर', 'गेम ओव्हर' हे इंग्रजी शब्द अनेक मुलांनी शालेय पुस्तकाआधी या पडद्यावर ओळखले असणे शक्य आहे.

'गॅलॅक्सियन'ची फॅमिकॉमसाठीची आवृत्ती १९८४ साली आली. त्या काळातील सुरुवातीच्या खेळांची व्याप्ती फार लहान होती. आज्ञावली व चित्रे मिळून साधारणतः २४ ते ४० किलोबाईटमध्ये एक खेळ मावत असे. हा लहानपणाच त्याच्या प्रसारास कारणीभूत झाला. तैवान व चीनमधील उत्पादकांनी फॅमिकॉमच्या नकला तयार केल्या आणि असे अनेक छोटे खेळ एकाच कॅसेटमध्ये भरले. कॅसेट लावली की प्रथम यादी दिसे. यादीतील शेकडो किंवा हजारो आकड्यांमागे प्रत्यक्षात थोडेच खेळ असत. तेच खेळ वेगळ्या नावाने किंवा पुढच्या टप्प्यापासून सुरू होणाऱ्या रूपात पुन्हा पुन्हा येत. मूळ कंपनीचे नाव बहुधा पुसलेले असे. भारताच्या प्रताधिकार कायद्यात संगणक आज्ञावलीचा समावेश १९८४ च्याच दुरुस्तीने झाला होता. परंतु कायदा पुस्तकात होता आणि कॅसेट बाजारात होती.

भारतात 'समुराई' व 'मीडिया' या नावांनीही अशी यंत्रे विकली गेली. १९९१ च्या उदारीकरणानंतर आयात मालाचा ओघ वाढला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व मनीष मार्केट यांसारख्या बाजारांतून असा माल राज्यभर पसरला. बीड शहराला या काळात रेल्वे नव्हती. जिल्ह्यात परळी वैजनाथ रेल्वेने जोडलेले होते, तर बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर मार्गावरून आली. त्यामुळे टीव्ही गेमसारखी चैनीची वस्तू बीडच्या बाजारपेठेत आली ती मालमोटारीने किंवा एस.टी.च्या टपावरून.

३. 'मध्यम प्रत' म्हणजे काय?

१९९० च्या दशकात हा खेळ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला, तेव्हा तो जगाच्या दृष्टीने जुना झाला होता. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) मध्ये पडदा पुढे सरकत होता, नवनवे प्रदेश येत होते. 'कॉन्ट्रा'मध्ये दोन मुलांना एकाच वेळी खांद्याला खांदा लावून लढता येत होते. त्यांच्या तुलनेत 'गॅलॅक्सियन'मध्ये एक फळी संपली की तीच फळी पुन्हा येई. काळी पार्श्वभूमी, सरकणारे तारे आणि वाढत जाणारा मारा, एवढेच त्याचे जग होते. याच कंपनीच्या 'गॅलागा' (१९८१) मध्ये शत्रूने पळविलेले यान सोडवून दोन याने जोडीने चालविण्याची युक्ती होती. 'गॅलॅक्सियन'मध्ये तीही नव्हती. म्हणून खेळांच्या यादीत त्याला मध्यम स्थान द्यावे लागते.

परंतु खेळ मध्यम असणे हा त्याचा दोष जसा आहे तसाच गुणही आहे. 'कॉन्ट्रा' समजण्यास वेळ लागतो, त्यात पुढे जावे लागते, मधेच सोडल्यास मागचे श्रम फुकट जातात. अवकाशखेळ पहिल्या क्षणापासून समजतो आणि कोणत्याही क्षणी सोडता येतो. त्याला आरंभ आहे, मध्य नाही आणि शेवट फक्त पराभवाने होतो. ज्या ठिकाणी खेळण्याचा वेळ सलग मिळत नाही, तेथे हा खेळ अधिक उपयोगी ठरतो.

बीडच्या पडद्यावर पोहोचताना या खेळात आणखी दोन बदल झाले. पहिला बदल वेगाचा. जपानमधील दूरचित्रवाणी सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवी. भारतातील पाल पद्धती ५० चित्रांची होती. खेळाची चाल चित्रांच्या गतीशी बांधलेली असल्याने पाल पद्धतीच्या नकली यंत्रांवर तोच खेळ सुमारे एक षष्ठांशाने संथ चाले. म्हणजे तोक्योतील मुलापेक्षा बीडच्या मुलासमोर शत्रू किंचित सावकाश येत होता. दुसरा बदल रंगाचा. अनेक घरांत कृष्णधवल संचच होते. ज्या रंगासाठी 'गॅलॅक्सियन' प्रसिद्ध झाला तो रंगच येथे नाहीसा झाला आणि गुणांचा फरक शत्रूच्या रांगेवरून व आकारावरून ओळखावा लागला. एका अर्थाने 'गॅलॅक्सियन' येथे पुन्हा 'स्पेस इन्व्हेडर्स' झाला.

४. घड्याळाचे गणित

टीव्ही गेम घरी घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत त्यामुळे त्याचे लहान पार्लर निघाले. एक-दोन दूरचित्रवाणी संच, त्यांना जोडलेली यंत्रे, बसावयास बाकडे आणि भिंतीवर घड्याळ, एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय चाले. व्हीसीआर भाड्याने देण्याची रीत आधीच रुळलेली होती. टीव्ही गेमही त्याच रीतीने दिवसाच्या भाड्यावर घरी नेता येई. पार्लरमध्ये मात्र पैसे अर्ध्या तासाला किंवा तासाला मोजले जात.

वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकाने खेळाचा मूळ करार मोडला. नाण्याच्या यंत्रात कुशल खेळाडूला अधिक वेळ मिळत होता. घड्याळाच्या पार्लरमध्ये कुशल आणि अकुशल या दोघांनाही सारखाच अर्धा तास मिळू लागला. यान नष्ट झाले तरी रिमोटवरील बटण दाबून खेळ पुन्हा सुरू करता येई. नाणे वसूल करण्यासाठी रचलेली काठिण्याची चढण येथे निरर्थक झाली. हरण्याची किंमत शून्यावर आली आणि थांबण्याची किंमत वाढली. म्हणून पार्लरमधील तणाव पडद्यावरील शत्रूचा नव्हता, तो भिंतीवरील काट्याचा होता.

कौशल्याला वेळेचे बक्षीस मिळेनासे झाले तेव्हा त्याची जागा दुसऱ्या एका व्यवस्थेने घेतली. दोघांनी मिळून भाडे भरावयाचे आणि यान गेले की रिमोट दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा, ही ती व्यवस्था होय. येथे कुशल खेळाडू मित्राच्या वाट्याचा वेळ खाई. जो जास्त टिके त्याच्यावर मित्र रागावत. विटीदांडूत किंवा गोट्यांत राज्य घेण्याची जी रीत मुलांना ठाऊक होती, तीच रीत त्यांनी जपानी यंत्राला लावली. बाहेरून आलेली वस्तू स्थानिक रिवाजात कशी बसविली जाते याचे हे उत्तम उदाहरण आहे.

५. वीज आणि हंगाम

बीड जिल्ह्याच्या वेळेवर दोन गोष्टींची सत्ता राहिली आहे. एक वीज आणि दुसरी ऊसतोडीचा हंगाम.

परळी येथील औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले संच १९७१ साली सुरू झाले आणि १९८० च्या दशकात तेथे २१० मेगावॅटचे संच कार्यान्वित झाले. राज्याला वीज देणारे केंद्र जिल्ह्यात असले तरी जिल्ह्यातील घरात वीज टिकेल याची शाश्वती नव्हती. १९९० च्या दशकात वीज जाणे नित्याचे होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन वेळापत्रकानुसार होऊ लागले आणि ग्रामीण भागात ते बारा तासांच्याही पुढे गेले.

फॅमिकॉम जातीच्या यंत्रात केवळ २ किलोबाईट कार्यकारी स्मृती होती. 'गॅलॅक्सियन'मधील सर्वोच्च गुणसंख्या या तात्पुरत्या स्मृतीतच राहत असे. वीज गेली की ती पुसली जाई. त्यामुळे वीज जाणे हा केवळ व्यत्यय नव्हता, तो विक्रमाचा नाश होता. दुपारी कोणी कितीही मोठी गुणसंख्या केली असली तरी संध्याकाळी यंत्र सुरू होताना तिचा मागमूस नसे. विक्रम टिकत तो पाहणाऱ्यांच्या आठवणीत आणि सांगणाऱ्याच्या शब्दावर. खेळाची लिखित परंपरा निर्माणच होऊ शकली नाही, ती मौखिकच राहिली. वीज गेल्यास उरलेल्या मिनिटांचे काय, हा वाद पार्लरच्या मालकाला रोज सोडवावा लागे. घड्याळाने वेळ विकणाऱ्यालाही वेळेवर हुकूमत नव्हती.

दुसरी सत्ता हंगामाची. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघेही जातात आणि अनेकदा मुलांनाही सोबत न्यावे लागते. दिवाळीची सुटी हा शाळकरी मुलांच्या खेळाचा भराचा काळ. नेमक्या त्याच काळात ऊसतोड कुटुंबातील मुले गाव सोडून गेलेली असत. एकाच गावातील, एकाच वर्गातील दोन मुलांपैकी एक बाकड्यावर रिमोट घेऊन बसला असेल, तर दुसरा कारखान्याच्या तळावर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळीत असेल. फावल्या वेळाचे हे असमान वाटप लक्षात घेतल्याशिवाय 'नव्वदच्या दशकातील बालपण' असा सरसकट शब्दप्रयोग करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही.

६. कायद्याची दृष्टी

शासनव्यवस्थेने व्हिडिओ गेमकडे खेळ म्हणून पाहिले नाही. करपात्र करमणूक आणि संभाव्य जुगार या दोनच रूपांत तिने त्याची दखल घेतली. १९८३ साली 'गीता एंटरप्रायझेस विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम ही करमणूक असून तीवर करमणूक कर आकारता येतो असे मानले. १९९५ साली 'एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात व्हिडिओ गेम पार्लरवर परवान्याचे नियंत्रण ठेवण्याचा शासनाचा अधिकार मान्य झाला. नशिबावर चालणारी यंत्रे आणि कौशल्यावर चालणारी यंत्रे यांतील भेदही तेथे चर्चिला गेला. महाराष्ट्रात करमणूक शुल्काचा कायदा १९२३ पासून होता आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हे शुल्क त्यात विलीन झाले.

कौशल्य की नशीब, हा न्यायालयाचा प्रश्न पार्लरच्या बाकड्यावर लावून पाहिला असता एक विसंगती दिसते. अवकाशखेळ हा निःसंशय कौशल्याचा खेळ आहे. परंतु भाड्याच्या घड्याळाने त्या कौशल्याला आर्थिक अर्थ ठेवला नाही आणि विजेने त्याची नोंद ठेवली नाही. खेळ कौशल्याचा राहिला, मात्र तो किती वेळ खेळावयास मिळेल हे नशिबावर गेले.

जिल्हाधिकारी कार्यालयांतील करमणूक कर शाखांचे जुने अभिलेख या दृष्टीने मोलाचे आहेत. परवाने, तपासणी आणि शुल्क यांच्या नोंदींतून पार्लरचा भूगोल उभा करता येईल. करच रद्द झाल्यामुळे अशा कागदपत्रांचे प्रशासकीय महत्त्व संपले आहे आणि म्हणूनच ती नष्ट होण्याचा धोका वाढला आहे.

७. बॅटरीवरील अवकाश

सन २००० मध्ये नोकिया ३३१० या संचासोबत 'स्पेस इम्पॅक्ट' हा खेळ आला. ८४ गुणिले ४८ बिंदूंचा एकरंगी पडदा, डावीकडे लहानसे यान, उजवीकडून येणारे शत्रू आणि टप्प्याच्या शेवटी एक मोठा शत्रू, असे त्याचे स्वरूप होते. अवकाशखेळाच्या जागतिक इतिहासात यात नवे काही नव्हते. 'ग्रेडियस' (१९८५) आणि 'आर-टाईप' (१९८७) यांनी ही आडवी रचना कितीतरी अधिक सुंदर करून दाखविली होती. 'स्पेस इम्पॅक्ट' हाही मध्यम प्रतीचाच खेळ. पण तो खिशात होता.

२००३ साली आलेल्या नोकिया ११०० या संचात या खेळाची सुधारित आवृत्ती होती. त्याच वर्षी भारतात येणारे दूरध्वनी कॉल निःशुल्क झाले आणि मोबाईल सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. धुळीला टिकणारी बटणे, अनेक दिवस चालणारी बॅटरी आणि माथ्यावर विजेरी ही या संचाची वैशिष्ट्ये होती. भारनियमनाच्या काळात बीडसारख्या जिल्ह्यात ही विजेरी चैनीची नव्हे तर गरजेची वस्तू होती. ज्या संचाने अंधारात वाट दाखविली, त्याच संचाने अंधारात खेळही दिला.

या टप्प्यावर खेळ आणि वीज यांचे नाते उलटे झाले. 'गॅलॅक्सियन' वीज गेली की थांबत असे. 'स्पेस इम्पॅक्ट' वीज गेली की सुरू होई. टीव्ही बंद, पंखा बंद, अभ्यासाला उजेड नाही, अशा वेळी हिरवट उजेडाचा तो पडदा उपयोगी पडला. सर्वोच्च गुणसंख्याही आता संचाच्या स्मृतीत टिकत असे. विक्रमाला प्रथमच वीज जाण्याचे भय उरले नाही. घड्याळाचे भाडेही उरले नाही. उरली ती बॅटरीची रेघ. ती किती शिल्लक आहे आणि पुढची वीज केव्हा येणार, यावर खेळ केव्हा थांबवावयाचा हे ठरे. तळावरील ऊसतोड कुटुंबाजवळही पुढे मोबाईल आला. मात्र तेथे तो प्रथम मुकादमाशी व गावाकडच्या म्हाताऱ्यांशी बोलण्याचे साधन होता. खेळासाठी बॅटरी खर्चणे हा तेथे चैनीचाच भाग राहिला.

८. वगळलेल्या खेळाडू

या इतिहासातील एक उणीव ठळकपणे नोंदविली पाहिजे. पार्लर ही मुलग्यांची जागा होती. चौकातील किंवा एस.टी. स्थानकाजवळील गर्दीच्या दुकानात तासभर बसण्याची मुभा मुलींना नव्हती. घरी यंत्र भाड्याने आले तरच बहिणीच्या हाती रिमोट येण्याची शक्यता निर्माण होई आणि तेव्हाही भाड्याच्या तासांत भावाचा वाटा मोठा असे. मोबाईलच्या काळातही कुटुंबातील एकमेव संच बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशात राही. पण तो रात्री घरी येत असे. हा लहानसा फरक महत्त्वाचा आहे. ज्या खेळासाठी घराबाहेर जावे लागत नाही, तो खेळ मुलींना मिळण्याचा संभव अधिक असतो. अवकाशखेळाची रचना वीस वर्षांत फारशी बदलली नाही. मात्र त्याची जागा चौकातून घरात आल्याने त्याचे खेळाडू बदलू शकले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात वस्तूच्या प्रगतीइतकेच तिच्या जागेकडेही लक्ष द्यावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१) अवकाशखेळाचे काठिण्य हे मुळात नाण्याच्या अर्थकारणातून घडले. घड्याळाच्या भाड्यावर चालणाऱ्या पार्लरमध्ये त्या काठिण्याचा हेतू संपला आणि आळीपाळीने खेळण्याच्या स्थानिक रिवाजाने त्याची जागा घेतली.

२) बीडपर्यंत पोहोचलेला खेळ हा मूळ खेळाची जशीच्या तशी प्रत नव्हती. वेग, रंग, नाव आणि विक्रमाची स्मृती या चारही बाबतींत तो वेगळा होता. म्हणून त्याला केवळ 'नक्कल' न म्हणता स्वतंत्र ऐतिहासिक वस्तू मानणे योग्य ठरते.

३) वीजपुरवठा व ऊसतोडीचे स्थलांतर यांनी फावला वेळ तोडला आणि असमान वाटला. तुटक वेळेत बसण्याची सोय हेच मध्यम प्रतीच्या खेळाच्या टिकाऊपणाचे कारण होते.

४) न्यायालये व करव्यवस्था यांनी या खेळाची दखल घेतली, ती शुल्क व परवाना यांपुरती. करमणूक शाखांचे अभिलेख जतन करून अभ्यासकांना उपलब्ध करून देणे आवश्यक आहे.

५) खेळगृहात कोण होते याबरोबरच कोण नव्हते याचाही अभ्यास व्हावयास हवा. त्यासाठी मौखिक इतिहासाची पद्धत उपयुक्त ठरेल.

पार्लरच्या बाकड्यावर बसलेली ती मुले आज पस्तिशी-चाळिशीच्या पुढे गेली आहेत. पार्लरचे मालक वृद्धत्वाकडे झुकले आहेत. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून तालुकानिहाय मुलाखती घेतल्यास हा इतिहास अद्यापही हाती येऊ शकतो. त्या मुलाखतींत तीन प्रश्न अवश्य विचारले जावेत : खेळासाठी पैसे कोठून येत, वीज गेल्यावर काय होत असे आणि बहिणीला खेळावयास मिळत असे काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत केवळ एका जुन्या खेळाचा नव्हे, तर जिल्ह्याच्या एका पिढीच्या बालपणाचा इतिहास सामावलेला आहे. यंत्राच्या स्मृतीतून पुसले गेलेले ते विक्रम माणसांच्या स्मृतीतून पुसले जाण्यापूर्वी त्यांची नोंद होणे अगत्याचे आहे.